चावीला हात लावू नकोस! (उलटलेला ट्रॅक्टर पुन्हा चालू करताना)

मित्रमैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत शेवटचा निबंध मी दहावीत लिहिला, तोही 'पावसाळ्यातील एक दिवस'. हा लेखसुद्धा पावसाळ्यातल्या एका दिवसाबद्दलच आहे. फरक एवढाच की यात मोर नाचत नाही, ट्रॅक्टर उलटतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घेतल्या असतील, उरलेल्या तुम्ही घ्या.

मेकॅनिकलवाल्यांना हा लेख उपयोगी पडेलच, पण कॉम्प्युटर आणि ईएक्सटीसीवाल्यांनी पान उलटू नये. आपल्यापैकी निम्म्या मुलांच्या घरी शेती आहे, आणि उलटलेलं वाहन समोर आलं की 'तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग बघ की' हे वाक्य कुठल्याही ब्रँचच्या मुलाला ऐकावं लागतं. मला ते ऐकावं लागलं तेव्हा मी जे करणार होते, ते थोडक्यात राहिलं. म्हणून हा लेख.

काय झालं?

माझ्या मामाचं गाव संगमेश्वर तालुक्यातच, कसब्यापासून थोडं आत. होस्टेलच्या मेसचा कंटाळा आला की शनिवार-रविवार मी तिकडे पळते. तिथली जमीन आपल्या कोकणातली असते तशीच. डोंगराच्या अंगाने पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत आलेली भातखाचरं. एका खाचरातून दुसऱ्यात जायचं तर मधला बांध, आणि तो कुठे गुडघ्याएवढा तर कुठे पुरुषभर उंच. अशा जमिनीत बरेच जण पॉवर टिलरवर भागवतात. मामाने मात्र बँकेचं कर्ज काढून एक सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला. घरची चिखलणी आटपली की लावणीच्या दिवसांत तो आजूबाजूच्या वाड्यांमध्ये भाड्याने चिखलणी करून देतो. बँकेचा हप्ता बहुतेक त्याच पंधरा-वीस दिवसांत निघतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या जुलैमध्ये एका शनिवारी संध्याकाळी ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन बांधाच्या कडेकडेने येत होता. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. उजव्या मागच्या चाकाखालची माती सुटली आणि ट्रॅक्टर पाच फूट खालच्या खाचरात आधी कुशीवर आणि मग चाकं वर करून पडला. ड्रायव्हरने वरच्या बाजूला उडी टाकली म्हणून वाचला. गळ्याजवळचं हाड मोडलं, पण वाचला. इंजिन त्या उलट्या अवस्थेतही थोडा वेळ गुरगुरत राहिलं आणि आपोआप बंद पडलं.

सगळे ड्रायव्हरला घेऊन दवाखान्यात गेले, ते बरोबरच केलं. ट्रॅक्टर रात्रभर तसाच पडून राहिला. रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा चिऱ्याच्या खाणीवरून जेसीबी आला होता. दोन साखळ्या लावल्या. एका साखळीने ओढायचं आणि दुसरीने मागून धरून ठेवायचं, म्हणजे ट्रॅक्टर चाकांवर येताना धाडकन आपटत नाही आणि पलीकडे पुन्हा कलंडत नाही. साखळी स्टिअरिंगला किंवा मडगार्डला न लावता मागच्या अ‍ॅक्सलच्या जाड भागाला लावली. साखळी तुटून उडाली तर जेवढ्या लांब पोचेल त्याच्या पलीकडे सगळ्यांना उभं केलं. तासाभरात ट्रॅक्टर चार चाकांवर उभा राहिला. मग जेसीबीनेच तो ओढत घरासमोरच्या खळ्यात आणून ठेवला.

चिखलाने माखलेला, पण अखंड दिसत होता. सायलेन्सर वाकलेला, एक दिवा फुटलेला, बस्स. मामा एकदम खुलला. मला म्हणाला, "तू मेकॅनिकलची ना? बस वर. तूच चालू कर."

मी बसले. वर्गात आम्ही मेकॅनिकलला चारच मुली. ही संधी मी कशी सोडणार? बोटांत चावी धरली.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "पोरी, चावीला हात लावू नको! आधी त्याच्या पोटात काय गेलंय ते बघू दे."

हे आमचे मिस्त्रीकाका. वय सत्तरीच्या पुढे, सातवी पास. एसटीने येऊन पायी चढत होते. आल्या आल्या त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर बॅटरीची टर्मिनल काढून ठेवली. आम्ही बाकीच्यांनी रात्रभर ती तशीच लावून ठेवली होती. टाकीतून डिझेल गळलेलं, बॅटरीतलं अ‍ॅसिड सांडलेलं, वायर कुठे घासलेली आहे ते माहीत नाही, आणि बाजूला दोघेजण बिडी ओढत उभे. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

चाळीस मिलिलिटरचं गणित

मिस्त्रीकाकांनी 'पोटात गेलंय' म्हटलं ते म्हणजे ऑइल. आपण आयसी इंजिनच्या पेपरला 'हायड्रोस्टॅटिक लॉक' या शब्दावर एखादी ओळ लिहितो आणि विसरतो. मीही विसरले होते. आता नीट समजून घेऊ.

इंजिन सरळ उभं असताना सहा-सात लिटर ऑइल खाली चेंबरमध्ये असतं आणि पिस्टन त्याच्या वर असतात. इंजिन उलटं झालं की हेच ऑइल पिस्टनच्या खालच्या अंगाला येऊन बसतं आणि रिंगांच्या फटीतून हळूहळू पलीकडे, म्हणजे ज्वलन होतं त्या जागेत झिरपतं. थोडं व्हॉल्व्हच्या गाइडमधूनही जातं. तिसरी वाट सर्वात वाईट. जुन्या पद्धतीच्या एअर क्लीनरमध्ये तळाशी ऑइलची वाटी असते, हवेतली धूळ त्यात अडकावी म्हणून. ट्रॅक्टर उलटला की ती वाटी सरळ इनटेक मॅनिफोल्डमध्ये रिकामी होते. तिथून ज्या सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडा असेल त्यात शिरते. मिस्त्रीकाकांनी हे माझ्यापेक्षा सोपं सांगितलं, "ज्याचं दार उघडं, त्याच्या घरात पाणी."

आता गणित. समजा तीन सिलिंडरचं २००० सीसीचं डिझेल इंजिन आहे आणि कॉम्प्रेशन रेशो १७:१ आहे. एका सिलिंडरची स्वेप्ट व्हॉल्यूम झाली सुमारे ६६७ सीसी. पिस्टन अगदी वर आला की वर उरलेली जागा, म्हणजे क्लिअरन्स व्हॉल्यूम = ६६७ ÷ (१७ – १) = सुमारे ४२ सीसी.

बेचाळीस सीसी म्हणजे किती? खोकल्याच्या औषधाची दहा मिलिलिटरची जेमतेम चार झाकणं. चेंबरमध्ये सहा-सात लिटर ऑइल असताना त्यातलं चार झाकणं ऑइल पिस्टनच्या डोक्यावर आलं, तर पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही. हवा दाबली जाते, ऑइल जवळजवळ दाबलं जात नाही. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, वर हेड, खाली पिस्टन, मध्ये ऑइल. काहीतरी द्यावंच लागतं, आणि देतो तो कनेक्टिंग रॉड. तो वाकतो. कधी पिस्टन फुटतो, कधी हेडचं गॅस्केट जातं.

आणि चार झाकणंच लागतात असंही नाही. २० सीसी ऑइल गेलं असं धरा. मग वरची जागा उरली २२ सीसी आणि रेशो होतो जवळजवळ ३२:१. ज्या इंजिनाचं डिझाइन १७ ला केलं त्याला ३२ चा दाब. सर म्हणतात ना, फॅक्टर ऑफ सेफ्टीवर जगू नका, तसंच हे.

यात आणखी एक गोम आहे. रॉड किंचित वाकला तर इंजिन चालू होतंही. धूर थोडा जास्त, आवाज थोडा वेगळा, पण चालतं. मालक म्हणतो, 'बघा, काही झालं नाही.' नंतर कधीतरी ऐन कामात तोच रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. तेव्हा कोणालाच आठवत नाही की मूळ दुखणं त्या चावीच्या एका झटक्याचं होतं.

'उतारावर सोडून बघू का?'

बॅटरी काढल्यावर मामाचा जीव वरखाली व्हायला लागला. आकाश भरून आलेलं, तीन घरांची चिखलणी कबूल केलेली, रोपं तयार. तो म्हणाला, "मिस्त्री, सेल्फ नको तर नको. उतारावर सोडून तिसऱ्यात टाकू. दोन मिनिटांत चालू होईल."

मित्रहो, हा सल्ला तुम्हाला प्रत्येक गावात मिळेल, आणि उलटलेल्या गाडीसाठी याच्याइतका वाईट सल्ला नाही. सेल्फमध्ये दम मर्यादित असतो. सिलिंडर लॉक असेल तर पुष्कळ वेळा 'टक्क' आवाज येऊन सेल्फ थांबतो आणि निदान इशारा तरी मिळतो. (मात्र त्याच्यावर विसंबू नका. एखाद्या सिलिंडरने पेट घेतला आणि पुढचा लॉक निघाला, तर फ्लायव्हीलचा वेगच रॉड वाकवायला पुरतो.) उतारावर मात्र दीड-दोन टनांचं धूड गिअरमधून इंजिनाला फिरवतं. ते 'टक्क' करून थांबत नाही. ते रॉड वाकवूनच पुढे जातं.

दुसरा गोड गैरसमज म्हणजे 'रात्रभर सरळ उभा ठेवला की ऑइल आपोआप खाली येतं.' चेंबरचं ऑइल येतं. पिस्टनच्या डोक्यावरचं मात्र रिंगांमधून इतकं हळू उतरतं की त्याचा भरवसा धरता येत नाही. डिपस्टिकवर ऑइल बरोबर दिसलं म्हणजे सिलिंडर कोरडा आहे असं अजिबात सिद्ध होत नाही.

मग आम्ही काय केलं?

पुढच्या पायऱ्या क्रमाने देते. जर्नलमध्ये 'प्रोसिजर' लिहितो तसंच समजा, फक्त हे कॉपी करायचं नाही, समजून घ्यायचं.

१) आधी धुणं. नोझलच्या (पुस्तकात इंजेक्टर) आजूबाजूचा चिखल डिझेल आणि ब्रशने पूर्ण काढला. चिखल असताना नोझल उघडलं तर वाळूचे कण थेट सिलिंडरमध्ये. ऑइल काढायला गेलो आणि वाळू टाकून आलो असं व्हायला नको. बॅटरीखालच्या पत्र्यावर सांडलेलं अ‍ॅसिड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं.

२) तिन्ही नोझल काढली. पाइप आणि नोझल यांना १, २, ३ अशा चिठ्ठ्या बांधल्या. उघड्या पाइपांच्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिकच्या टोप्या. डिझेल बंद करायचा नॉब ओढून ठेवला.

३) सेल्फ नाही, हाताने फिरवणं. क्रँक पुलीच्या नटाला पान्हा लावून इंजिन सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवलं. चार स्ट्रोकचं एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणून दोन. पान्हा मला दिला होता. पहिल्या फेऱ्यात काही नाही. दुसऱ्या फेऱ्यात दोन नंबरच्या भोकातून काळं ऑइल बुळबुळ करत वर आलं आणि हेडवरून ओघळलं. मी थांबले. काका म्हणाले, "फिरव, फिरव. अजून हाय."

४) मग बॅटरी जोडून सेल्फ, एका वेळी फक्त पाच-सात सेकंद, नोझल बाहेरच ठेवून. भोकांवर जाड फडकं टाकलं होतं, तरी ऑइलची पिचकारी मामीच्या तुळशीवृंदावनापर्यंत गेली. या वेळी कोणीही भोकांवर वाकून बघायचं नाही. डोळा जाऊ शकतो.

फडकं पिळून आणि हेडवरचं टिपून काकांनी ते ऑइल एका स्टीलच्या वाटीत धरलं. पाऊण वाटी भरली. मी नुसती बघत राहिले. माझ्या डोक्यात फक्त बेचाळीस हा आकडा होता. तासाभरापूर्वी माझी बोटं चावीवर होती.

५) सगळी तेलं बदलली. इंजिनाचं ऑइल चहासारखं दुधाळ झालं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. ते आणि फिल्टर दोन्ही बदललं. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल ब्रीदरमधून वाहून गेलं होतं, तेही बघून भरलं. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढलं.

६) एअर क्लीनर आणि मॅनिफोल्ड. ही पायरी सर्वात जास्त विसरली जाते. एअर क्लीनर उघडून धुतला, त्याचा पाइप आणि मॅनिफोल्ड काढून आतलं ऑइल पुसून घेतलं. का, ते पुढे येतंय. वाकलेला सायलेन्सर काढला तर आत मूठभर चिखल निघाला.

७) नोझल नव्या तांब्याच्या वॉशरवर परत बसवली आणि डिझेलची हवा काढली. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की घट्ट करायचं. मग पंपाचा स्क्रू. नोझलच्या पाइपांची हवा सर्वात शेवटी, सेल्फ मारताना.

खडू आणि डिझेल

रविवार संपला. सोमवारी मी प्रॅक्टिकल बुडवून थांबले (सरांची इथेच माफी मागते). मामाला वाटलं आता फक्त चालू करायचं राहिलंय. काका म्हणाले, "थांबा भाऊ. हाडं बघायची राहिलीत."

ट्रकला खाली चासी असते. बहुतेक ट्रॅक्टरला तशी नसते. इंजिनाचा ब्लॉक, क्लचचं हाउसिंग, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल हे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा. म्हणून ट्रॅक्टर आपटला की मार थेट ओतीव लोखंडाला बसतो. ओतीव लोखंड वाकून सांगत नाही, तडकतं.

काकांनी सगळे जोड पुसून कोरडे केले, त्यांना पातळ डिझेल लावलं, दहा मिनिटांनी पुन्हा कोरडे पुसले आणि वर खडूची पूड चोळली. कुठे बारीक तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. मी म्हटलं, "काका, हे डाय पेनिट्रंट टेस्टिंग आहे. आम्हाला एनडीटीमध्ये शिकवलंय." काका म्हणाले, "असंल. आमच्या उस्तादानं खडू म्हणून शिकवलं."

कण्यावर कुठेही रेघ आली नाही. पण पुढच्या अ‍ॅक्सलला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर, बोल्टच्या भोकापासून, दोन इंचांची ओली रेघ हळूहळू उमटली.

इथे मामाचा संयम संपला. ब्रॅकेट कोल्हापूरहून मागवायचा म्हणजे चार-पाच दिवस. तो म्हणाला, वेल्डिंग मारून घेऊ, लावणी झाली की बदलू. काका नाही म्हणाले. मामा चिडला, "तुमचं काय जातंय? हप्ता मला भरायचाय." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तू सांग. तू शिकतेस ना?"

व्हायव्हाला एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "मामा, ओतीव लोखंडाचं वेल्डिंग थंड होताना बाजूला पुन्हा तडकतं. शेडमध्ये नीट तापवून, सावकाश थंड करून केलं तरी खात्री नाही, इथे पावसात तर नाहीच. आणि तो ब्रॅकेट गेला तर पुढची चाकं जातील. बांधावर असताना गेला तर?" मामा काही बोलला नाही. उठून गेला. रात्री जेवताना म्हणाला, "मागव."

तीन घरांची चिखलणी दुसऱ्याच्या टिलरने झाली. त्या पैशाचा हिशोब मामाने मला सांगितला नाही, मीही विचारला नाही.

पुन्हा शनिवार

ब्रॅकेट शुक्रवारी आला आणि काकांनी बसवला. शनिवारी मी पोचले. स्टिअरिंगचे रॉड, चाकांच्या रिंगा, ब्रेक, क्लच सगळं तपासून झालं होतं. आधी नॉब ओढून, डिझेल बंद ठेवून, थोडा थोडा सेल्फ मारला, ऑइलच्या मीटरचा काटा हलेपर्यंत. उलटं असताना इंजिन ऑइलशिवाय चाललं होतं. बेअरिंगना पुन्हा ऑइल पोचल्याशिवाय पेटवायचं नाही.

मग काकांनी मामाच्या हातात एक फळी दिली, वहीएवढी, गुळगुळीत, आणि एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवलेल्या तोंडाजवळ बाजूला उभं केलं. "मी ओरडलो की तोंडावर ही दाबायची. हात नाय लावायचा, फडकं नाय लावायचं."

कारण ऐका. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबाने तापलेल्या हवेत जळण आलं की पेटतं. ते जळण डिझेलच असलं पाहिजे असं नाही, मॅनिफोल्डमध्ये राहिलेलं ऑइलही चालतं. तसं झालं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पीत सुसाट सुटतं, चावी फिरवा, डिझेल बंद करा, ऐकत नाही. ते थांबवायचा एकच मार्ग, हवा तोडणं. हात लावला तर ओढला जातो, फडकं आत जातं, म्हणून सपाट फळी. सहावी पायरी का महत्त्वाची ते आता कळलं असेल.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आता लाव चावी."

तिसऱ्या झटक्याला पेटलं. खळं निळ्या-पांढऱ्या धुराने भरून गेलं, कोंबड्या पळाल्या. काकांनी ब्लॉकला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावला आणि एकेक सिलिंडर ऐकला. चार-पाच मिनिटांत धूर विरळ झाला. फळी लागली नाही. मामाने ती तरी दहा मिनिटं सोडली नव्हती.

मुळात उलटला का?

परत आल्यावर मी वहीत गणित मांडलं. मागच्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर धरला, तर tan θ = ०.६ ÷ ०.७, म्हणजे कोन सुमारे ४० अंश. वाटतं, केवढी सुरक्षित गाडी! पण हे गणित सपाट, टणक उतारावर स्थिर उभ्या ट्रॅक्टरचं. पुढचा अ‍ॅक्सल मध्यावर एका पिनवर झुलतो, त्यामुळे कलंडायला लागल्यावर पुढची चाकं सुरुवातीला मदतीला येतच नाहीत. आणि एक मागचं चाक ३० सेंटिमीटर खचलं की तिथेच १४ अंश खर्च. त्यात वेग आणि हिसका मिळवा. चाळीस अंशांपैकी हातात काय उरतं ते बघा.

बांधाच्या कडेबद्दल एक जुना साधा नियम आहे. कड जेवढी खोल, निदान तेवढं अंतर सोडून चालवायचं. पाच फूट खोल तर पाच फूट लांब, कारण ओली माती साधारण तिरक्या रेषेत सुटते.

आणि दुसरी गोष्ट, सीटच्या मागची संरक्षक कमान, रोप्स. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरना ती सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे खूप कमी झाले. कमान असली तर सीटबेल्ट लावायचाच, नसली तर बेल्ट बांधायचा नाही. एकदा उलटून वाकलेली कमान तापवून सरळ करायची नाही, बदलायची. आणि गावात पाइप वाकवून केलेली कमान ही कमान नव्हे, ती किती वजन पेलते हे कोणी तपासलेलं नसतं. मामाच्या ट्रॅक्टरला कमान नव्हती. आता त्या मॉडेलसाठी कंपनीची मिळते का याची चौकशी तो करतोय, आणि दर आठवड्याला फोन करून 'काय झालं?' विचारणं हे माझं काम.

शेवटी

ड्रायव्हरदादा त्याच शनिवारी गळ्यात हात अडकवून आला होता. ट्रॅक्टर चालू झाल्याचा आवाज ऐकून वाडीतली पोरं नाचत होती. तो ट्रॅक्टरकडे आला नाही. सरळ बांधावर गेला. डाव्या हाताने पावलं मोजल्यासारखं करत त्याने कडेपासून पाच-सहा फुटांवर एक काठी रोवली, मग पुढे दुसरी. मी जाऊन काठ्या धरल्या. काही विचारलं नाही. बांध संपेपर्यंत आम्ही बावीस काठ्या रोवल्या.

आता माझ्या आयसी इंजिनच्या वहीत, हायड्रोस्टॅटिक लॉकच्या त्या एका ओळीखाली, लाल पेनने लिहिलंय: ४२ सीसी. परीक्षेत विचारतील की नाही माहीत नाही. पण तुमच्यापैकी कोणाला कधी उलटलेल्या गाडीच्या सीटवर बसवून कोणी म्हणालं, 'बस, तूच चालू कर', तर खाली उतरा. पान्हा मागा. वाट बघणारे चिडतील, तुम्हाला काही येत नाही असं म्हणतील. म्हणू देत.